बिनतारी लहरींचा बांध आणि जुनी यंत्रे

१९८५ च्या ऑगस्ट महिन्याच्या दोन तारखेस अमेरिकेतील डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उतरू पाहणारे डेल्टा कंपनीचे १९१ क्रमांकाचे विमान वादळी ढगातून अकस्मात खाली कोसळणाऱ्या हवेच्या झोतात सापडले आणि धावपट्टी गाठण्यापूर्वीच जमिनीवर आदळले. १३७ माणसे दगावली. अशा झोताची पूर्वसूचना वैमानिकास मिळावी म्हणून त्या देशाने पुढे, १९९० च्या दशकात, मोठ्या विमानतळांच्या परिसरात डॉप्लर पद्धतीची खास हवामान-रडारे उभारली. ही रडारे ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात काम करतात. २००९ च्या प्रारंभी पोर्तो रिकोतील सान हुआन येथील अशा रडारच्या कामात अडथळा येत असल्याचे ध्यानात आले. पडद्यावर पावसाच्या जागी भलत्याच रेषा उमटू लागल्या. शोध घेता असे आढळले, की उंच जागी बसविलेली, घरोघर इंटरनेट पोहोचविणारी बिनतारी यंत्रे त्याच पट्ट्यात बोलत आहेत. रडारची चाहूल लागताच तो पट्टा सोडून देण्याची सोय अशा यंत्रांत असावी, असा नियम होता. काहींत ती सोय बंद केलेली होती, काहींत ती चुकीच्या मांडणीमुळे निकामी झाली होती.

हा दोष यंत्राच्या पत्र्यात वा तारेत नव्हता, आज्ञावलीत होता, आणि सारा प्रश्न इथूनच सुरू होतो. बिनतारी जोडणीसाठी लागणारी चकती आज जगभर एकच बनते. टोकियोत, फ्रँकफुर्टमध्ये आणि नागपुरात विकल्या जाणाऱ्या संगणकांत तीच असते, कारण प्रत्येक देशासाठी निराळी चकती ओतणे कोणाही कारखानदारास परवडणारे नाही. कोणत्या देशात कोणत्या लहरीवर, किती शक्तीने आणि कोणत्या अटीवर बोलायचे, हे ठरविते ती ‘ड्रायव्हर’ नावाची आज्ञावली. संगणकाची कार्यप्रणाली आणि चकतीतील रेडिओ यांच्यामधला हा दुभाषी होय. पण या दुभाषाच्या हाती शासनाने नकळत हवालदाराचा दंडुकाही देऊन ठेवला आहे.

एके काळी हे काम कागदावर होत असे. घरात साधा रेडिओ संच ठेवायचा तरी टपाल कचेरीत जाऊन दरसाल परवान्याचे पैसे भरावे लागत, हे साठी उलटलेल्या वाचकांस आठवत असेल. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याचा तो प्रताप. परवाना माणसाच्या नावावर असे. चूक झाली तर माणूस सापडत असे. परवानामुक्त पट्ट्यांनी हा संबंध तोडला. भारतात २००५ च्या जानेवारीत २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला, तेव्हापासून चहाच्या टपरीपासून उच्च न्यायालयापर्यंत कोणीही राउटर लावावा, कोणी विचारणार नाही. माणसाला परवाना नको झाला, म्हणून यंत्राला शिस्त हवी झाली. शिस्त यंत्रात भरायची तर ती आज्ञावलीतूनच भरता येते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा बाह्य परिणामांचा प्रश्न आहे. रोनाल्ड कोस यांनी १९५९ साली अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात लहरींच्या हक्कांची नीट आखणी करून ते बाजारात सोडावेत, असे सुचविले होते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला यासाठी कोस वाचण्याची गरज नाही. शेजाऱ्याचा बांध दरवर्षी वीतभर कोरणारा माणूस प्रत्येक गावात असतो आणि त्याच्यावरचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. फरक इतकाच, की शेताचा बांध डोळ्यांना दिसतो. लहरींचा बांध दिसत नाही; कोरणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते की आपण तो कोरीत आहोत.

वचन कोणाला दिलेले?

संगणकाच्या जगात एक जुना आणि आदरणीय शिष्टाचार आहे. नवी आवृत्ती काढताना जुने जे चालत होते ते मोडायचे नाही. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स तर या बाबतीत कमालीचे कडवे आहेत. कर्नलमधील, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यातील बदलामुळे कोणा वापरणाऱ्याचा चालू कार्यक्रम बंद पडला, तर दोष बदलाचा, वापरणाऱ्याचा नव्हे, असा त्यांचा दंडक आहे. या दंडकावर जगातील असंख्य कचेऱ्या, बँका व प्रयोगशाळा निर्धास्तपणे विसंबून आहेत, आणि त्याचे आर्थिक मोल सहज मोजता येणार नाही इतके आहे. दहा वर्षांपूर्वीचे यंत्र आजही चालते, यात सर्वांत मोठा लाभ त्याचा, ज्याला दर तीन वर्षांनी नवे घेणे शक्य नाही.

परंतु हे वचन आज्ञावली लिहिणारा आणि ती वापरणारा या दोघांमधले आहे. हिशेब लिहिण्याचा कार्यक्रम जुन्याच रीतीने चालत राहिला तर तिसऱ्या कोणाचे काही बिघडत नाही. रेडिओच्या ड्रायव्हरचे तसे नाही. तेथे एक तिसरा पक्ष असतो, तो या वचनाला साक्षीदारही नसतो. तो पावसात धावपट्टी शोधणारा वैमानिक असू शकतो. ड्रायव्हरचे कालचे वर्तन जर नियमबाह्य असेल, तर ते उद्याही तसेच ठेवीन हे आश्वासन देण्याचा अधिकार मुळात कोणाला आहे? उलट बाजूने पाहता, नियमाकडे बोट दाखवून एका रात्रीत लोकांची चालती यंत्रे मुकी करण्याचा अधिकार तरी कोणाला आहे?

हा पेच लिनक्सच्या कार्यकर्त्यांपुढे २००८ साली आला. तोवर बिनतारी विभागातील नियम कर्नलच्या पोटात कायमचे लिहिलेल्या तीन तक्त्यांत होते: एक अमेरिकेचा, एक जपानचा आणि एक ‘युरोप’चा. काही ड्रायव्हर आपापले निराळे तक्तेही बाळगून होते. गंमत अशी, की नियमांच्या दृष्टीने युरोप नावाचा देशच नाही. तेथील देशांचे नियम पुष्कळसे जुळत असले तरी एकच नव्हेत. भारताला तर तक्ताच नव्हता. भारतातील वापरणाऱ्याने काहीच न निवडल्यास त्याच्या वाट्याला अमेरिकेचा तक्ता येई. परिणाम दुहेरी होता. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील १२ व १३ हे चॅनेल भारतीय नियमांच्या कक्षेत बसत असूनही त्याला मिळत नसत, आणि ५.७ गिगाहर्ट्झच्या वर मात्र भारतात त्या वेळी इमारतीच्या आत २०० मिलिवॅटची मर्यादा असताना अमेरिकी नियम त्याहून पुष्कळ अधिक शक्तीला मुभा देत होते. एकीकडे हक्काचे गेले, दुसरीकडे नकळत कायदेभंग पदरी पडला.

लुईस रॉड्रिग्ज, योहानेस बर्ग आदींनी जी नवी रचना उभी केली, तिचे सूत्र साधे आहे. नियम कर्नलमधून बाहेर काढावेत, देशवार एका कोष्टकात मांडावेत, त्या कोष्टकावर कोणी परस्पर खाडाखोड करू नये म्हणून त्याला अंकीय सही असावी, आणि एका लहानशा सहायक कार्यक्रमाने त्यातील हवा तो देश कर्नलला वाचून दाखवावा. देश कोणता हेच समजले नाही, तर सर्व जगात बहुतेक ठिकाणी चालेल असा अत्यंत संकोची ‘जागतिक’ तक्ता लागू व्हावा. शंकास्पद पट्ट्यात यंत्राने आधी ऐकावे, आपण होऊन बोलू नये. चकतीत कारखान्यातच एका देशाचा शिक्का मारलेला असेल आणि वापरणारा दुसरा देश सांगत असेल, तर दोन्हींना जे मान्य तेवढेच करावे.

शेवटचा नियम वाचताना योग्य वाटतो, पण त्याचा जाच मोठा आहे. समजा, न्यू जर्सीत दहा वर्षे काढून एक गृहस्थ ठाण्यास परतले. त्यांच्या संगणकातील चकतीवर अमेरिकेचा शिक्का आहे. ठाण्यातील राउटर तेराव्या चॅनेलवर बोलतो, भारतीय नियमांप्रमाणे बोलण्यास मोकळा आहे, आणि गृहस्थांना घरात बसून घरचेच जाळे दिसत नाही. शेजारणीचा मुलगा येऊन राउटरचा चॅनेल बदलून देतो, प्रकरण मिटते. संकोचाचा खर्च हा असा किरकोळ असतो, मात्र तो असंख्य घरांत विखुरलेला असतो. सैलपणाचा खर्च क्वचितच येतो, पण येतो तेव्हा भयंकर असतो. म्हणून ‘ठाऊक नसेल तर गप्प बस’ हा दंडक ग्राह्य मानावा लागतो.

खरे कौशल्य दिसले ते संक्रमणात. नवी रचना २००८ च्या डिसेंबरात निघालेल्या २.६.२८ या आवृत्तीत आली. पण नवा कर्नल घेणाऱ्या सर्वांकडे तो नवा सहायक कार्यक्रम होताच असे नाही. तो नसता तर यंत्रे जागतिक तक्त्यावर घसरली असती, आणि काल चालत असलेले चॅनेल आज बंद, अशी ओरड झाली असती. म्हणून जुने तीन तक्ते एका पर्यायाच्या रूपाने काही काळ ठेवण्यात आले. ते तात्पुरते आहेत, जाणार आहेत, असे तेथेच लिहून ठेवण्यात आले. कर्नलमधून काढून टाकावयाच्या गोष्टींची एक जाहीर यादी असे. तीत या पर्यायाची मुदत २०१० चा मार्च अथवा सर्वसामान्यांची वितरणे बरोबरीस येतील तो दिवस, अशी लवचीक नोंदली गेली. यथावकाश ते तक्ते गेले. पुढे २०१८ च्या जानेवारीतील ४.१५ आवृत्तीपासून सही केलेले कोष्टक कर्नल स्वतःच वाचू लागला आणि सहायकाची गरज उरली नाही. तरी जुन्या सहायकासाठी दार लगेच बंद करण्यात आले नाही.

काटेकोर कायदेपंडित म्हणेल, की चुकीचे ठाऊक असलेले तक्ते आणखी वर्षभर चालू ठेवणे म्हणजे जाणूनबुजून नियमभंगास वाव देणे होय. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. परंतु ते तक्ते एका फटक्यात काढले असते तर काय झाले असते? लोकांनी जुना कर्नलच वापरात ठेवला असता, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्याही पोहोचल्या नसत्या, आणि ज्यांच्या हाती थोडीफार विद्या आहे त्यांनी नियमांचा अडसर उचकटून टाकणारी ठिगळे एकमेकांना वाटली असती. नियम पाळणे गैरसोयीचे झाले की नियम मोडण्याची बाजारपेठ तयार होते, हे रेशन व्यवस्थेपासून भाडेनियंत्रणापर्यंत आपण पाहिलेलेच आहे.

कुलूप आणि किल्ली

नियम बदलतात, ही गोष्ट कुलूपवाद्यांच्या ध्यानात राहत नाही. जपानचे उदाहरण यासाठी मार्मिक आहे. तेथे ५.२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील चार चॅनेल पूर्वी ५१७०, ५१९०, ५२१० आणि ५२३० मेगाहर्ट्झवर होते. उर्वरित जगाशी मेळ बसावा म्हणून २००५ च्या मे महिन्यात त्या सरकारने ते प्रत्येकी दहा मेगाहर्ट्झने वर सरकविले. अवघी दहाची सरक! पण जुना संगणक आणि नवा राउटर, दोन्ही आपापल्या काळी कायदेशीर असूनही, त्या पट्ट्यात एकमेकांशी बोलू शकेनात. ज्या कारखानदारांनी जुन्या यंत्रांसाठी नवी आज्ञावली दिली, त्यांची गिऱ्हाइके तरली. नियम दगडात कोरलेले असते तर तीच यंत्रे भंगारात गेली असती.

तरीही चकत्या बनविणाऱ्या कंपन्यांनी दीर्घकाळ ‘नियामकाची अट’ हे कारण पुढे करून आपल्या ड्रायव्हरचे महत्त्वाचे भाग बंद ठेवले. अथेरॉस कंपनीच्या चकत्यांसाठी वापरला जाणारा असा एक बंद भाग बरीच वर्षे वादाचा विषय होता. अखेर २००८ साली त्याच कंपनीने आपल्या नव्या चकत्यांसाठी मुक्त ड्रायव्हर दिला आणि त्या बंद भागाची मूळ संहिताही खुली केली. आकाश कोसळले नाही. बंदिस्तपणा हा नियमपालनाचा पर्याय नव्हे, इतके तरी त्यावरून सिद्ध झाले. व्यापारी गुपितावर कायद्याचे पांघरूण घालणे सोयीचे असते, एवढेच.

अमेरिकेच्या आयोगाने सान हुआनचा धडा घेऊन २०१४ साली ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे नियम सुधारले आणि रेडिओच्या आज्ञावलीत त्रयस्थास ढवळाढवळ करता येऊ नये, अशी अट घातली. अट रास्त होती. पण २०१५ च्या मार्चमधील मार्गदर्शनात कारखानदारास असेही विचारण्यात आले, की डीडी-डब्ल्यूआरटीसारखी त्रयस्थांची आज्ञावली राउटरवर बसविण्यास तुम्ही कसा प्रतिबंध करता. येथे धोरणाचा तोल गेला. राउटरची आज्ञावली म्हणजे केवळ रेडिओ नव्हे. तीत सुरक्षा आहे, हिशेब आहे, घरातील मुलांसाठी घातलेली बंधने आहेत. रेडिओ राखण्यासाठी सारे घर सील करण्यासारखा हा प्रकार होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात इंटरनेटच्या जनकांपैकी एक विंट सर्फ, तसेच डेव्ह टाट आदी सुमारे २६० तज्ज्ञांनी आयोगास पत्र धाडले आणि उलट मागणी केली: आज्ञावली खुली ठेवा, आणि ती दुरुस्त करीत राहण्याचे बंधन कारखानदारावर घाला. नोव्हेंबरात आयोगाने खुलासा करून तो उल्लेख गाळला.

खुलासा झाला तरी कारखानदारांनी आपला हिशेब केलाच. रेडिओ तेवढा वेगळा राखून बाकीचे खुले ठेवणे खर्चाचे, सगळ्यालाच कुलूप लावणे स्वस्त. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही याचा निकाल सांगू शकेल. टीपी-लिंक या कंपनीचे प्रकरण २०१६ च्या ऑगस्टमध्ये मिटले ते या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. तिच्या काही राउटरांत वापरणाऱ्यास देश बदलून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मंजुरीपेक्षा अधिक शक्ती वापरता येत होती. कंपनीने दोन लाख डॉलर भरले. पण त्याच तडजोडीत तिने त्रयस्थांची मुक्त आज्ञावली आपल्या राउटरांवर बसविता यावी यासाठी प्रयत्न करण्याचेही मान्य केले. दंड करणाऱ्या नियामकानेच दार उघडे ठेवायला लावले, असे सहसा घडत नाही.

मुक्त आज्ञावलीच्या कैवाऱ्यांनाही येथे एक गोष्ट ऐकवली पाहिजे. माझे यंत्र, माझी मर्जी, हा युक्तिवाद गच्चीवरच्या अँटेनापाशी संपतो. देशाचा संकेत बदलून चार खोल्या पलीकडे जाळे पोहोचविण्याच्या युक्त्या कौतुकाने सांगितल्या जातात. युरोपात ५६०० ते ५६५० च्या पट्ट्यात बोलण्यापूर्वी यंत्राने दहा मिनिटे रडारचा कानोसा घ्यावा लागतो, इतरत्र साधारण एक मिनिट. रडार सापडले तर दहा सेकंदांत तो चॅनेल सोडून अर्धा तास तिकडे फिरकायचे नाही. ही दहा मिनिटांची वाट कोणालाही कंटाळवाणी वाटेल. ती ज्यासाठी आहे त्याची कल्पना नसल्याने ती चुकविण्याचा मोह होतो.

आपल्याकडील हिशेब

भारताने २०१८ च्या ऑक्टोबरात ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. त्यात ५४७० ते ५७२५ हा पट्टाही आला. निर्णय स्वागतार्ह होता. पण त्या अधिसूचनेआधी विकल्या गेलेल्या राउटरांचे काय झाले? ज्यांच्या आज्ञावलीत भारताचे कोष्टक नंतर बदलता येत होते, आणि बदलणारा कोणी होता, त्यांना नवे पट्टे मिळाले. बाकीची यंत्रे ज्या नियमांवर जन्मली त्याच नियमांवर राहिली. जिल्हा परिषदेच्या शाळेतला किंवा तालुक्याच्या ग्रंथालयातला राउटर बहुधा या दुसऱ्या वर्गात मोडतो. राज्याने राजपत्रात दिलेले औदार्य त्याच्यापर्यंत पोहोचले नाही, कारण राजपत्र आणि चकती यांच्यामधला दुभाषी कारखानदाराने केव्हाच नोकरीतून काढून टाकला होता.

आणि त्याच पट्ट्याच्या आसपास आपलीही रडारे आहेत. मुंबईत वेरावली येथे २०२२ च्या जानेवारीत हवामान खात्याचे जे डॉप्लर रडार सुरू झाले ते सी-बँडचे, म्हणजे याच परिसरातील लहरींवर चालणारे आहे. कुलाब्याचे जुने रडार निराळ्या पट्ट्यात काम करते. तेव्हा उपनगरांवर कोसळू पाहणारा पाऊस जवळून न्याहाळण्याचे काम ज्याच्याकडे दिले, त्याच्याच शेजारी उंच इमारतींच्या गच्च्यांवर बिनतारी जोडण्यांची दाटी होत आहे. परवानामुक्त यंत्राने कोणास अडथळा आणू नये आणि स्वतःस अडथळा झाल्यास संरक्षण मागू नये, ही अट आपल्या नियमांत आहे. तिची अंमलबजावणी कोण करतो, तर यंत्रातला तोच ड्रायव्हर.

दूरसंचार खात्याची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा अशा यंत्रांना जी मान्यता देते, ती विक्रीपूर्वी झालेल्या चाचणीच्या अहवालावर आधारलेली असते. यंत्र त्या दिवशी नियमात बसत होते, एवढीच तिची ग्वाही. त्या अर्जात दोन रकाने वाढवता येतील. नियमांचे कोष्टक कारखानदार कोणत्या सालापर्यंत अद्ययावत ठेवणार, हा एक. आणि त्यानंतर रेडिओच्या मर्यादा न हलवता इतर आज्ञावली दुसऱ्या कोणास बसविता येईल की नाही, हा दुसरा. उत्तर खोक्यावर छापले, तर दीड हजार रुपयांचा राउटर घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही तो किती वर्षांसाठी घेतो आहे हे दुकानातच कळेल. या छपाईचा खर्च काही पैशांचा आहे. कारखानदारांचा विरोध होईल तो त्या खर्चाला नव्हे, तर लिहून दिलेल्या सालाला.